दुसरं साल

कानिफनाथ गहिनीनाथ अनभुले पंधरा वर्षं पगारी फुटबॉल खेळत आला. त्यातली दोन वर्षं डाव्या गुडघ्याच्या दुखण्यात गेली. उरलेल्या तेरा वर्षांत तो नऊ राज्यांतल्या तेरा संघांकडून खेळला, आणि एकाही संघाने त्याला दुसऱ्या वर्षी बोलावलं नाही.

फुटबॉलमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. पुढे खेळणाऱ्याचं काम गोल करण्याचं. वर्षाला वीस गोल केले तर मोठा संघ उचलून नेतो, दोनच केले तर आहे तो संघ नारळ देतो. कानिफ आठ-नऊ गोलवाला होता. अशांच्या बाबतीत दर वर्षी मालक तरी बदलतो, नाहीतर प्रशिक्षक तरी. आणि नवी सून जशी माहेरची भांडी घेऊन येते तसा नवा प्रशिक्षक आपला फॉरवर्ड बरोबर घेऊन येतो. त्यामुळे कानिफ फिरत राहिला. कोलकात्यात त्याला नाथदा म्हणत, गोव्यात केनी, केरळात कानी. मिझोराममध्ये रविवारी चेंडूसुद्धा घराबाहेर काढत नाहीत, हे त्याला पहिल्याच रविवारी मैदानावर एकटाच जाऊन उभा राहिल्यावर कळलं. काश्मीरमध्ये तो मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून खेळला. गुडघा बरा झाला त्या वर्षी मलप्पुरमकडे, कापणी झालेल्या भातखाचरात, बांबूच्या गॅलऱ्यांमध्ये सात-सात जणांचे सामने खेळला. तिथे मध्यंतरात प्रेक्षक खाली उतरून त्याच्या खांद्यावर थाप मारत आणि पुढचा गोल कुठल्या कोपऱ्यात मारायचा ते सांगून जात.

गावाकडचा हिशोब मात्र निराळा होता. कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या पुढे, अनभुले वस्तीवर त्याच्या वडिलांची अकरा एकर जमीन आणि एक सालगडी. सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला त्याचं साल भरतं. गडी कामाचा असेल तर मालक शिमग्यालाच त्याला चहाला बोलावतो आणि "पुढचं सालबी तूच धर" म्हणतो. नसेल तर बोलावत नाही. सगळ्या गावाला ते समजतं.

"बारा मालक झालं तुझं," एकदा गहिनीनाथ आबा ओट्यावर सुपारी कातरत म्हणाले. "चांगल्या गड्याला मालक सोडत न्हाई. मला एवढंच कळतं."

"आबा, ते येगळं असतं."

"काय येगळं? त्योबी दुसऱ्याच्या रानात राबतो, तूबी राबतोस."

मनकर्णाबाई, त्याची आई, आतून ओरडल्या, "पोरगं वरसानं घरी आलंय, त्याला जेवू द्या की आधी!"

कानिफ जेवला. मात्र त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. थांबायच्या आधी एखाद्या तरी संघाने आपलं दुसरं साल धरावं. हे त्याने फक्त बायकोला, मोनिकाला सांगितलं होतं. ती नगरला सावेडीत एका शाळेच्या कार्यालयात होती. दोघांचं भाड्याचं घर तिथेच, दुसऱ्या मजल्यावर.

"आणि धरलं म्हणजे काय होईल?" तिने विचारलं होतं.

"काय नाही. धरलं, एवढंच."

ते दुसरं साल मिळण्याची वेळ २०२५ च्या एप्रिलमध्ये आली. केरळच्या किनाऱ्यावरच्या एका गावाचा तो संघ. कानिफने त्या हंगामात अकरा गोल केले होते, आजवरचे सगळ्यात जास्त. प्रशिक्षक तोच राहणार होता, मालकही तोच. शेवटच्या सामन्यानंतर प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर सांगितलं, "कानी पुढच्या वर्षी मला हवा." कानिफ त्या रात्री साडेअकरापर्यंत गावातल्या एकमेव आइस्क्रीमच्या दुकानात बसून होता आणि त्याने चार वेगवेगळी आइस्क्रीम खाल्ली. असं तो कधी करत नसे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संघाचे व्यवस्थापक जोसेफ सर यांचा फोन आला. जोसेफ सर सरळ माणूस. ते हिंदीत बोलत, पण मल्याळमच्या वेगाने.

"कानी, मालकांनी नवा नियम केलाय. फॉरवर्ड बत्तीस वर्षांच्या पुढचा असेल तर पूर्ण हंगामाचा करार नाही. कुणाच्या जागी मधेच बदली म्हणून घ्यायचा असेल तर चालेल, पण हंगाम नाही. तुझी तारीख काय? एक जून ब्याण्णव. म्हणजे येत्या एक तारखेला तेहतीस."

कानिफ म्हणाला, "सर, ती तारीख खरी नाही. मी एकतीस वर्षांचा आहे."

मग जोसेफ सर हसले. वाईट हसले नाहीत. "कानी, माझ्या ड्रॉवरमध्ये अशी सात सर्टिफिकेटं पडलीयत. तिशी ओलांडली की प्रत्येक फॉरवर्डला आपला खरा जन्म आठवतो."

आणि गंमत अशी की कानिफ खरं बोलत होता. मनकर्णाबाईंना मुलाची जन्मतारीख सांगता येत नसे, पण काळ पक्का सांगता येई. किल्लारीचा भूकंप झाला, घरातली उतरंड पडली, तेव्हा त्यांना सातवा महिना होता. चंपाषष्ठीच्या आधी कानिफ झाला. म्हणजे डिसेंबर १९९३. पण १९९८ च्या जूनमध्ये वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेचा पट कमी भरला. दोन पोरं आणखी मिळाली नसती तर शाळा बंद पडून मुलांना ओढा ओलांडून तीन किलोमीटर जावं लागलं असतं. कुलथे गुरुजी सायकलवर वस्ती फिरले, साडेचार वर्षांच्या कानिफला अंगणातून उचलून कॅरिअरवर बसवलं आणि हजेरीपटावर त्याचं वय सहा पूर्ण लिहिलं. तारीख एक जून. त्या भागातल्या शाळांत निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली असतात. जून महिन्यात शाळा उघडते, म्हणून.

त्या दीड वर्षाने कानिफचा खेळ घडवला, असं म्हटलं तर चूक होणार नाही. पाचवीला तो नगरला मिशनच्या बोर्डिंगात गेला. तिथे भिंगारचे चांदभाई संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवायला येत. चांदभाई लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आणि जिल्ह्यातले पंच. कानिफ कायम आपल्यापेक्षा मोठ्या, उंच पोरांमध्ये खेळला. पहिला चेंडू त्याला कधी मिळतच नसे. मग तो दुसऱ्या चेंडूची वाट पाहायला शिकला. गोलकीपरच्या हातातून निसटलेला, खांबाला लागून परतलेला, कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलेला चेंडू कुठे येऊन पडेल हे त्याला आधीच कळायचं. त्याचे बहुतेक सगळे गोल तसलेच होते, गोलापासून चार-पाच पावलांवरचे, दिसायला अगदी साधे. आणि त्या दीड वर्षानेच त्याला पुण्याच्या एका अकादमीच्या दारातून परत पाठवलं होतं, कारण कागदावर तो पाच महिन्यांनी मोठा भरला. तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, पण त्याने काही केलं नाही. आता करायचं ठरवलं.

पहिलं मूल बाईच्या माहेरी होतं. म्हणून नोंद अनभुले वस्तीच्या ग्रामपंचायतीत नव्हती. मनकर्णाबाईंच्या माहेरी, जामखेड तालुक्यात होती. मायलेक मोटारसायकलवर गेले. ग्रामसेवकाने कपाटातून जुनं रजिस्टर काढून टेबलावर झटकलं. नोंद सापडली. ९ डिसेंबर १९९३, गुरुवार, पुरुष, वडिलांचं नाव, आईचं नाव, सुईण कडूबाई. बाळाच्या नावाची जागा कोरी होती.

"बगा," मनकर्णाबाई ग्रामसेवकाला म्हणाल्या, जणू त्यानेच आजवर अडवून धरलं होतं. "मी काय खोटं सांगत हुते व्हय?"

"आजी, मी कुठं म्हटलं तुम्ही खोटं बोलता?"

"न्हाई म्हनलास, पन तोंड तसंच केलं हुतंस."

अर्ज देऊन तिथे नाव भरलं आणि दाखला मिळाला. कानिफने तिथेच ओट्यावर उभं राहून त्याचा फोटो काढला आणि जोसेफ सरांना पाठवला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत त्याने इतकी घाई कधी केली नव्हती.

घरी येताना वाटेत भिंगारला चांदभाईंकडे थांबावं असं वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण भिंगार वाटेत नव्हतं, आणि तो चार दिवसांनी गेला. चांदभाईंनी दाखला वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "भेजा भी?"

"हो. सरांना पाठवला."

"अरे बेटा! आधी मला विचारायचं ना." चांदभाईंची मराठी आणि दखनी एकाच वाक्यात नांदत. "आता तुझ्या नावावर दोन तारखा झाल्या. पंधरा साल एक तारीख सांगितली, आता दुसरी. त्यातली एक तर झूट हाय, हां की नहीं? मग विचारणारा असं विचारंल, की पंधरा साल झूट का बोललास?"

"पण मी कुठं बोललो? गुरुजींनी लिहिलं."

"सही कुणाची फॉर्मवर? गुरुजीची का तुझी?"

तसंच झालं. जोसेफ सरांनी चांगल्या मनाने तो फोटो फुटबॉल महासंघाच्या नोंदणी कार्यालयाकडे पाठवला होता, चालतो का ते विचारायला. २६ मे रोजी उलट पत्र आलं. एका खेळाडूच्या दोन जन्मतारखा आढळल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याची कुठल्याही संघाकडे नोंदणी होणार नाही. शाळेच्या मूळ नोंदीबद्दल संबंधित शिक्षकाचा लेखी खुलासा जोडता येईल. चौकशीला किती दिवस लागतील ते लिहिलं नव्हतं.

म्हणजे आता केरळचं दुसरं साल राहिलंच, पण कुठलंच साल मिळेल की नाही अशी वेळ आली.

कुलथे गुरुजी कर्जतला मुलाकडे राहत. वय अठ्ठ्याहत्तर, कानाला यंत्र, बाकी ठणठणीत. कानिफबरोबर मनकर्णाबाईही गेल्या. नको म्हटलं तरी गेल्या.

"कोण, कान्या? बॉलवाला?" गुरुजींना फार आनंद झाला. "मी पेपरात वाचलं हुतं तुझं. एकदाच आलं हुतं, पन वाचलं."

कानिफने सगळं सांगितलं. गुरुजी मधेच थांबवून "मोठ्यानं" म्हणत राहिले. शेवटी त्यांना समजलं.

"एक जून," ते म्हणाले आणि हसू लागले. "अरे, साठ-सत्तर पोरं मीच जन्माला घातली एक जूनला! तुमच्या वस्तीवर त्या दिवशी दवाखान्यात जागा राहिली नसती."

"हसू नका गुरुजी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माझं लेकरू अंगनात चिखल खात हुतं, त्याला उचलून न्येलं तुमी. मी भाकरी टाकत हुते. बाहेर आले तर पोरगंच न्हाई!"

"शाळंत न्येलं, मनकर्णाबाई. चोरून न्हाई न्येलं."

"इचारलं हुतं का?"

"न्हाई इचारलं," गुरुजींनी कबूल केलं. मग ते गंभीर झाले. "कान्या, मी लिहून देतो. मला आता कुनाचं भ्या हाय? पन एक सांगतो, ऐक. मी 'तारीख खोटी घातली' असं सहीनिशी लिहिलं की ते तुझ्या एकट्यापुरतं राहत न्हाई. त्याच रजिस्टरात तुझ्या खाली चौदा नावं हायत. एक फौजदार हाय, दोन मास्तर हायत, एक पोरगी नर्स हाय सोलापुरात. सगळ्या एक जूनच्या. कुनी सुटतील, कुनी अडकतील, ते मला सांगता येनार न्हाई. तुला लिहून दिल्यावर मला त्यांनाबी लिहून द्यावं लागंल, न्हाईतर त्यांच्याविरुद्ध कुनी मागितलं तरी लिहून द्यावं लागंल. बोल, लिहू?"

त्यांनी खरोखरच वही ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

कानिफने त्या चौदा जणांपैकी कितीजण आठवतात ते मनातल्या मनात मोजलं. नऊ आठवले. नर्स झालेली पुष्पावती त्याच्या चुलत्याची मुलगी. तिची नोकरी त्याच तारखेवर लागलेली होती.

"राहू द्या गुरुजी," तो म्हणाला.

"मंग तुझं कसं?"

"बघू काहीतरी."

बाहेर येऊन मोटारसायकलवर मागे बसल्यावर मनकर्णाबाई म्हणाल्या, "तुला धा येळा जेवाय वाढलंय त्या पुष्पीनं. बरं केलंस."

त्या संध्याकाळी सावेडीच्या घरी मोनिकाने लॅपटॉप उघडला. शाळेच्या कार्यालयात बारा वर्षं अर्ज लिहून तिचा हात बसला होता.

"काय लिहायचं?"

कानिफने सांगितलं. मोनिकाने ते नीट भाषेत बसवलं. आपण सादर केलेला दाखला आपण मागे घेत आहोत. शाळेच्या, आधारच्या आणि पारपत्राच्या नोंदीप्रमाणे आपली जन्मतारीख एक जून १९९२ हीच असून आजवरची सर्व नोंदणी त्याच तारखेने झालेली आहे. तीच ग्राह्य धरावी.

"म्हणजे खरं मागे घ्यायचं आणि खोट्यावर सही करायची," ती म्हणाली.

"सगळीकडं तेच आहे ना. एकच राहील."

"आणि केरळ?"

"ते गेलं."

तिने प्रिंट काढायला शाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. पंधरा दिवसांत उत्तर आलं. खेळाडूने स्वतःहून प्रामाणिक खुलासा केल्याने चौकशी बंद करण्यात येत आहे. 'प्रामाणिक' या शब्दावर मोनिका थांबली, मग पुढे वाचत गेली. नोंदणी मोकळी झाली होती.

तोवर केरळच्या संघाने बावीस वर्षांचा एक फॉरवर्ड घेतला होता. जोसेफ सरांनी स्वतः फोन करून कळवलं. बाकी कुठल्या व्यवस्थापकाने कधी एवढंही केलं नव्हतं. कानिफने त्यांचे आभार मानले.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात राजस्थानातल्या एका नव्या संघाकडून विचारणा झाली. पगार केरळपेक्षा कमी, मैदान कठीण, राहण्याची सोय बरी. मोनिकाचं म्हणणं, थोडं थांबून पाहावं. ऑगस्टपर्यंत आणखी कुणी विचारेल. कानिफने थांबायचं नाही असं ठरवलं. एकदा दोन तारखांच्या भानगडीत नाव अडकलेल्या फॉरवर्डला लोक किती दिवस आठवणीत ठेवतील, याची त्याला खात्री नव्हती. तीस जूनला त्याने सही केली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. त्याचा चौदावा संघ.

तिथे उन्हामुळे सराव पहाटे साडेपाचला असे. पोरं वीस-एकवीस वर्षांची, त्याला भाईसा म्हणत. पहिल्या सराव सामन्यात त्याने एक गोल केला, नेहमीसारखाच. गोलकीपरने छातीवर घेतलेला चेंडू खाली पडला आणि कानिफ तिथे आधीच उभा होता. एका पोराने विचारलं, "भाईसा, तुम्हाला कसं कळलं?" कानिफने सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला नीट सांगता आलं नाही.

सप्टेंबरच्या अकरा तारखेला, गुरुवारी, सरावानंतर तो बूट धूत बसला होता तेव्हा जोसेफ सरांचा फोन आला.

"कानी, तुझ्या जागी घेतलेल्या पोराचा पाय मोडला. नडगी. हंगाम गेला त्याचा. बदली घ्यायची परवानगी आहे आणि मालकांना मी विचारलंय. त्यांनी स्वतः म्हटलं, कानीला बोलवा. प्रशिक्षकसुद्धा तेच म्हणाला. तू ये. पुढच्या आठवड्यात पहिला सामना आहे."

कानिफने बूट खाली ठेवला.

"सर, परत सांगा."

"काय परत सांगा? ये म्हणतोय. मालकांनी नाव घेतलं तुझं."

"मी इथं सही केलीय सर. तीस जूनला."

पलीकडे जोसेफ सर मल्याळममध्ये स्वतःशीच काहीतरी बोलले. बदली म्हणून कुठेही नोंद नसलेलाच खेळाडू घेता येत होता. हे दोघांनाही माहीत होतं, तरी जोसेफ सरांनी विचारलं, "ते सोडतील का तुला?"

"सोडलं तरी नोंद जानेवारीतच बदलते."

"हो. तेही खरंच." मग ते म्हणाले, "तू थांबला असतास तर, कानी."

"हो सर."

मागे पोरं नळावर भांडत होती. मग कानिफच म्हणाला, "सर, तुम्हाला माणूस लागणारच. पंजाबात, माहिलपूरला माझ्याबरोबर एकजण होता. गुरप्रीत. डोक्याने चांगला खेळतो. यंदा कुठंच नाही, घरीच आहे. नंबर पाठवू?"

"पाठव. वय काय त्याचं?"

"कागद मागून घ्या सर," कानिफ म्हणाला, "आणि जो पहिला देईल तोच धरा. दुसरा मागू नका."

जोसेफ सर या वेळी मनापासून हसले. गुरप्रीत तीन दिवसांनी केरळला पोहोचला.

संध्याकाळी मोनिकाशी बोलताना कानिफने तिला सांगितलं की केरळहून बोलावणं आलं होतं.

तिने विचारलं, "मालकांनी स्वतः?"

"स्वतः. नाव घेऊन."

"मग आता?"

"आता काय. उद्या पहाटे सराव आहे, परवा सामना आहे."

त्या सामन्यात तो सत्तर मिनिटं खेळला आणि गोल केला नाही. मार्चपर्यंतच्या हंगामात त्याचे सहा गोल झाले. शेवटच्या सामन्यानंतर संघाच्या मालकाने सगळ्यांना जेवण दिलं, प्रत्येकाशी हात मिळवला आणि पुढच्या वर्षाबद्दल कुणालाच काही सांगितलं नाही. कानिफने आपली ट्रंक भरली, दोन पोरांना आपले जुने बूट दिले आणि तिकीट काढून नगरच्या गाडीत बसला.